चार दिवसांची खुर्ची: सोलापूर जिल्ह्यात लोकम ड्युटी नीट कशी करावी

“डॉक्टर, शनिवार-रविवार मोकळे आहात का? साहेबांच्या मेव्हण्याचं लग्न आहे.” लोकमची ड्युटी बहुतेक अशीच येते. शुक्रवारी दुपारी फोन वाजतो, समोरचा आधी पैशांचा आकडा सांगतो आणि मग गावाचं नाव. आकडा बरा वाटतो, गाव माहितीचं असतं, तोंडातून ‘येतो’ निघून जातं. पुढे जे काही बिघडतं त्यातलं बरंचसं या एका ‘येतो’मध्येच ठरलेलं असतं.

‘लोकम’ हा ‘लोकम टेनेन्स’ या लॅटिन शब्दांचा तुकडा. अर्थ, दुसऱ्याची जागा सांभाळणारा. सोलापूर जिल्ह्यात हे काम तीन-चार रूपांत दिसतं. नर्सिंग होमचे मालक-डॉक्टर बाहेरगावी गेले की त्यांच्या जागी बसणं, रात्रीची किंवा २४ तासांची आरएमओ (निवासी डॉक्टर) ड्युटी कव्हर करणं, भूलतज्ज्ञ किंवा सर्जन म्हणून केसपुरतं जाणं, आणि वारी, साखर कारखाना, शिबिर अशा ठिकाणची हंगामी ड्युटी. सरकारी कंत्राटी नेमणूक किंवा बंधपत्रित सेवा हा वेगळा विषय. तिथे करार सरकारशी असतो, आणि त्या काळात बाहेरची ड्युटी घेता येते का हे नेमणुकीच्या पत्रातच पाहावं लागतं. हा लेख खासगी ड्युटीपुरता.

वैद्यकीय ज्ञान तर लागतंच. पण लोकमला येणं आणि नुसतं डॉक्टर असणं यात फरक आहे. तेच डोकं, तेच हात, पण अनोळखी कपाटं, अनोळखी सिस्टर आणि दुसऱ्याने अर्धवट सोडलेले पेशंट. म्हणून या कामाचा खरा कस पहिला पेशंट येण्याच्या आधी लागतो.

फोनवरच विचारायचं

पहिला प्रश्न पैशांचा नको. बेड किती, आज भरलेले किती, त्यात अत्यवस्थ किती हे विचारा. २० बेडच्या हॉस्पिटलात चार डिलिव्हरीच्या बायका आणि दोन तापाचे पेशंट असणं वेगळं, आणि त्याच २० बेडमध्ये एक व्हेंटिलेटरवर, एक आदल्या दिवशी पोट उघडलेला असणं वेगळं. दुसरा प्रश्न: रात्री अडलं तर कोणाला फोन करायचा, आणि तो माणूस किती मिनिटांत पोचेल? ‘साहेब फोनवर आहेतच’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण साहेब लग्नात असतात आणि लग्नात बँड असतो. गावातल्याच एखाद्या फिजिशियनचं, सर्जनचं, भूलतज्ज्ञाचं नाव घ्या आणि त्यांना तुम्ही येताय हे माहीत आहे का, तेही विचारा.

तिसरा प्रश्न तुमच्या स्वतःबद्दल. त्यांना तुमच्याकडून जे अपेक्षित आहे ते तुम्हाला येतं का? एमबीबीएस डॉक्टरला ‘अडलेली डिलिव्हरी बघाल ना’ असं सहज विचारलं जातं. येत नसेल तर फोनवरच नाही म्हणा. फोनवर नाही म्हटलं तर एक ड्युटी जाते. रात्री दोन वाजता नाही म्हणायची वेळ आली तर समोर पेशंट असतो.

मग पैसे. ते ठरवताना रस्ता मोजा. सोलापूरहून मोहोळ पस्तीसेक किलोमीटर, अक्कलकोट चाळीसच्या आसपास, पंढरपूर आणि बार्शी सत्तरच्या घरात, अकलूज शंभराच्या वर, करमाळा सव्वाशेच्याही पुढे. समजा अकलूजच्या २४ तासांचे ६,००० ठरले. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, लिटरला १५ चालणारी गाडी, म्हणजे १५ लिटर पेट्रोल, दीड हजाराच्या वर. उरले साडेचार हजारांच्या आत. जाण्यायेण्याचे पाच तास धरले तर २९ तासांचे. हाच आकडा मोहोळला वेगळा दिसतो. म्हणून ‘प्रवास धरून की प्रवास वेगळा’ हे तिथल्या तिथे विचारावं. १२ तास म्हणजे किती ते किती, पुढचा डॉक्टर उशिरा आला तर जादा तासाचे काय, इमर्जन्सी प्रोसिजरचे वेगळे की त्यातच, आणि पैसे निघताना की महिन्याअखेर, हेही तेव्हाच.

हे सगळं ठरलं की व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींत लिहून पाठवा आणि ‘ओके’ मागून घ्या: ‘शनिवार सकाळी ९ ते सोमवार सकाळी ९, २० बेड, आयसीयू नाही, बॅकअप अमुक डॉक्टर, रक्कम इतकी, प्रवास वेगळा, पैसे सोमवारी.’ तोंडी बोललेलं महिन्याअखेरीला कोणालाच आठवत नाही.

कागद, आणि त्यातले न दिसणारे खड्डे

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू हवं. त्याचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण होतं आणि त्यासाठी कॉन्फरन्स वगैरेंना हजेरी लावून मिळणारे ३० क्रेडिट लागतात. सतत फिरतीवर असणाऱ्याचे क्रेडिट नेमके राहून जातात, कारण कॉन्फरन्स असते रविवारी आणि रविवारी ड्युटी. सोलापूर सीमेवरचं गाव, विजयपूर आणि कलबुर्गी हाकेच्या अंतरावर. पण तिकडे ड्युटी घ्यायची तर कर्नाटकच्या कौन्सिलकडे काय करावं लागतं ते आधी विचारून घ्या. दोन जिल्ह्यांत असतो तेवढा फरक दोन राज्यांत नसतो, त्याहून मोठा असतो.

दुसरा कागद इन्डेम्निटी विम्याचा, म्हणजे पेशंटने भरपाईचा दावा केला तर कामी येणाऱ्या विम्याचा. इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो: ‘हॉस्पिटलचा विमा आहे ना!’ हॉस्पिटलची पॉलिसी आधी हॉस्पिटलला वाचवते. तात्पुरत्या डॉक्टरचं नाव त्यात असेलच असं नाही. स्वतःची घ्या. ती घेताना दोन गोष्टी पाहा. आपल्याकडच्या या पॉलिसी साधारणपणे ‘दावा आला तेव्हा चालू’ या तत्त्वावर असतात. म्हणजे २०२४ मध्ये बार्शीत पाहिलेल्या पेशंटची नोटीस २०२६ मध्ये आली, तर २०२६ मध्ये पॉलिसी जिवंत पाहिजे. आणि पॉलिसीवर एक मागची तारीख लिहिलेली असते, त्या तारखेच्या आधीचं काम झाकलं जात नाही. मध्ये एक वर्ष खंड पडला किंवा कंपनी बदलताना ही तारीख पुढे सरकली, तर मागच्या सगळ्या ड्युट्या उघड्या पडतात. स्थिर प्रॅक्टिसवाल्यापेक्षा लोकमला हा धोका जास्त, कारण त्याचे पेशंट दहा गावांत विखुरलेले असतात आणि नोटीस जुन्या पत्त्यावर फिरत राहते.

तिसरा खड्डा सोनोग्राफीचा, आणि हा सगळ्यात खोल. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली कोण कुठल्या मशीनला हात लावू शकतो हे त्या केंद्राच्या नोंदणीवर ठरलेलं असतं. २०१२ च्या नियमदुरुस्तीनुसार एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवर नोंदणी मिळते. त्यामुळे ‘साहेब नाहीत, एवढी एक सोनोग्राफी बघून टाका’ ही विनंती कितीही साधी वाटली तरी, त्या केंद्राच्या नोंदणीवर तुमचं नाव नसेल तर उत्तर एकच: नाही. तुम्ही रेडिऑलॉजिस्ट असलात तरी नाही. पहिल्या तासाला सिस्टरला सांगून टाका की दोन दिवस मशीन बंद. गर्भपाताच्या बाबतीतही तसंच. मान्यताप्राप्त जागा आणि कायद्यात बसणारी पात्रता, दोन्ही असल्याशिवाय लोकमने त्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक, थोडं अप्रिय. काही ठिकाणी दोन दिवसांच्या ड्युटीसाठी डिग्री आणि रजिस्ट्रेशनच्या झेरॉक्स मागतात आणि त्या नर्सिंग होमच्या नोंदणीच्या फाइलला ‘पूर्णवेळ डॉक्टर’ म्हणून लागतात. झेरॉक्स द्या, पण त्यावर आडवी रेघ मारून ‘फक्त अमुक तारखांच्या तात्पुरत्या ड्युटीसाठी’ असं लिहून सही करा. कोऱ्या लेटरहेडवर, रिकाम्या केसपेपरवर, आदल्या आठवड्याच्या नोंदींखाली सही करायची नाही. योजनेच्या किंवा मेडिक्लेमच्या फाइलवर ‘फक्त सही राहिलीय डॉक्टर’ असं म्हणत कोणी आलं, तर पेशंट तुम्ही पाहिला होता का, एवढंच स्वतःला विचारा.

पहिला अर्धा तास

ड्युटी ९ ला असेल तर साडेआठला पोचा. चहा नंतर. आधी सिस्टरना बरोबर घेऊन एक चक्कर मारा आणि वस्तू हाताने उघडून पाहा. ‘आहे’ आणि ‘दाखवा’ यात फार अंतर असतं.

लॅरिंगोस्कोप (श्वासनळीत ट्यूब घालताना घसा दाखवणारं उपकरण) उघडा: दिवा लागतो का? पिवळट लुकलुकत असेल तर सेल संपलेत. अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबून पाहा, मास्क मोठ्या माणसाचा आणि लहान मुलाचा दोन्ही आहेत का? सक्शन मशीन चालू करून नळीच्या टोकाला अंगठा लावा, ओढ जाणवली पाहिजे. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप त्याच मशीनच्या आहेत का आणि त्यांची मुदत? ही चूक हास्यास्पद वाटते, पण बेशुद्ध पेशंटसमोर मशीन ‘एरर’ दाखवतं तेव्हा हसू येत नाही. फ्रिजमध्ये तापमान २ ते ८ अंश हवं. दार उघडल्यावर बाळंतपणात लागणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या शेजारी पाण्याच्या बाटल्या आणि ताकाचं पातेलं दिसलं, तर त्या फ्रिजचं दार दिवसातून किती वेळा उघडतं ते समजून जा. मॉर्फिन, फेंटानिलसारखी औषधं असतील तर रजिस्टरवरचा आकडा आणि कपाटातल्या अँप्यूल समोरासमोर मोजूनच किल्ली ताब्यात घ्या.

ऑक्सिजनवर जरा थांबू. छोटा सिलिंडर, ज्याला बी-टाइप म्हणतात, त्यात भरलेला असताना सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मोठ्या जम्बोत सुमारे ७,००० लिटर. पूर्ण भरलेला असताना गेजचा काटा १५० च्या आसपास असतो. काटा ७५ वर म्हणजे अर्धा. आता हिशेब: काटा ७५ वर असलेला छोटा सिलिंडर म्हणजे ७५० लिटर. मिनिटाला १० लिटरने लावला तर ७५ मिनिटं. बार्शी किंवा पंढरपूरहून पेशंट सोलापुरात न्यायला दीड तास धरला तर लागणार ९०० लिटर. म्हणजे ऑक्सिजन सोलापूर यायच्या आधी संपणार. नियम सोपा: वाटेला लागेल त्याच्या दुप्पट बरोबर घ्या, आणि सिलिंडरला पाना बांधलेला आहे का ते बघा. भरलेला सिलिंडर आणि पाना हॉस्पिटलात राहिलेला, असं घडतं.

दुसरा हिशेब औषधांचा. सांगोला-पंढरपूरकडे डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा, म्हणजे फवारणीचं औषध घरोघरी. विषबाधेचा पेशंट कधीही येतो. ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत मोठ्या माणसाला अ‍ॅट्रोपिनचा पहिला डोस १.८ ते ३ मिलिग्रॅम. छातीतले स्राव सुकेपर्यंत, नाडी ८० च्या वर आणि वरचं बीपी ८० च्या वर येईपर्यंत दर ५ मिनिटांनी डोस दुप्पट करायचा. एका अँप्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. मग पहिल्यांदा ३ अँप्यूल, दुसऱ्यांदा ६, तिसऱ्यांदा १२. दहा मिनिटांत २१. ट्रॉलीत १० अँप्यूल बघून ‘अ‍ॅट्रोपिन आहे’ असं सिस्टरनी सांगितलं तर ते खोटं नसतं, पण तिसऱ्या डोसला हात रिकामे असतात. मेडिकलवाला रात्री उघडतो का, त्याचा नंबर कोणाकडे आहे, हे दिवसाउजेडी विचारा.

हँडओव्हर

जाणारा डॉक्टर घाईत असतो. त्याच्याकडून ‘सगळे स्टेबल आहेत’ एवढंच ऐकून घेऊ नका. बेडपाशी उभं राहून प्रत्येकाचं चार ओळींत घ्या आणि स्वतःच्या हाताने लिहा. चांगली नोंद अशी दिसते:

‘बेड ७. वय ५८, पुरुष. उजव्या पायाला सेल्युलायटिस, तिसरा दिवस. साखर जेवणापूर्वी २४०, इन्सुलिन सुरू. लघवी काल संध्याकाळपासून कमी. क्रिएटिनिनचा (किडनीचा) रिपोर्ट आज ११ ला येणार, वाढलेला असेल तर अँटिबायोटिकचा डोस बदलायचा, सोलापूरला पाठवायचं का ते ठरवायचं. नातेवाईक: मोठा मुलगा, पुण्यात. इथे सून आहे, निर्णय मुलाला विचारून.’

यात आजार एका ओळीत संपतो. बाकी सगळं पुढे काय होऊ शकतं आणि कोणाला विचारायचं याबद्दल आहे. शेवटची ओळ तर औषधाइतकीच कामाची, कारण रात्री रेफरचं कारण सुनेला समजावण्यात अर्धा तास जातो आणि मग फोन पुण्यालाच लावावा लागतो. ज्याच्याबद्दल जाणारा डॉक्टर बोलताना थोडा अडखळतो, त्या बेडकडे पहिल्यांदा जा.

आधीच्या डॉक्टरचे उपचार पटले नाहीत तर? जिवाला धोका असेल तर बदला आणि कारण लिहा. नसेल तर फोन करा. नुसत्या आवडीनिवडीवरून अँटिबायोटिक बदललं की पेशंटचा साहेबांवरचा विश्वासही डळमळतो आणि तुमचं पुढचं बोलावणंही. ‘कोणी दिलं हे औषध?’ असं वॉर्डात मोठ्याने तर कधीच म्हणू नये.

रात्र

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप हंगाम सुरू झाला की जिल्ह्यात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, उसाच्या फडाशेजारी कोप्या पडतात आणि माणसं जमिनीवर झोपतात. पहाटे चारला कोणी पोट दुखतंय, दोन उलट्या झाल्यात, म्हणून आलं तर अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन लिहिण्याआधी पापण्या बघा. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत जवळपास नाही, दाताची खूण सापडत नाही. पोटदुखी, मग पापण्या जड, मग गिळता न येणं, मग श्वास. पेशंटला एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगा. पहिल्यांदा २० पर्यंत गेलेला अर्ध्या तासाने १० वर थांबला, तर श्वासाचे स्नायू निकामी होत चाललेत. त्याला श्वासनळीत ट्यूब लागणार, आणि ती वाटेत लागण्यापेक्षा निघण्याआधी घातलेली बरी.

घोणस-फुरशाच्या शंकेत २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करा: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त, २० मिनिटं न हलवता. प्लॅस्टिकची नळी चालत नाही. साबणाने धुतलेलीही नाही, कारण साबणाचा अंश राहिला तर रक्त गोठत नाही आणि चाचणी फसवते. पहिल्या चक्करीत काचेची नळी शोधून ठेवायची ती यासाठी. विष चढल्याची लक्षणं असतील तर सर्पविषविरोधी लसीच्या १० कुप्या तासाभरात. मुलांनाही डोस तेवढाच, कारण साप मुलाला कमी विष देत नाही. लस सुरू करण्यापूर्वी अ‍ॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी. रिअ‍ॅक्शन आली तर मोठ्यांना ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. हॉस्पिटलात चारच कुप्या असतील तर चारही सुरू करा, श्वास सांभाळा, आणि उरलेल्या कुठे मिळतील तिथे पेशंट हलवायची तयारी करा.

रेफर करणं म्हणजे ‘सिव्हिलला न्या’ म्हणणं नव्हे. आधी तिकडे फोन, मग १०८ किंवा हॉस्पिटलची गाडी. चिठ्ठीवर आला तेव्हाची अवस्था, काय दिलं, किती वाजता दिलं, आत्ताची नाडी-बीपी-ऑक्सिजन, रेफरचं कारण, आणि फोनवर कोणाशी बोलणं झालं त्यांचं नाव. नातेवाईक ‘नेत नाही’ म्हणाले तर तेही लिहा, सही घ्या, उपचार चालू ठेवा. आणि अपघाताचा, मारामारीचा पेशंट दारात असताना ‘आधी पोलीस’ म्हणायचं नाही. आधी प्राथमिक उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे.

मेडिको-लीगल केसची, म्हणजे पोलिसांकडे जाणाऱ्या केसची, खबर हद्दीच्या पोलीस ठाण्याला लेखी द्या. कागद घेणाऱ्या पोलिसाचं नाव, बक्कल नंबर आणि वेळ आपल्या प्रतीवर लिहून घ्या. फोनवर कळवलं असेल तर किती वाजता, कोणी उचलला तेही. सहा महिन्यांनी साक्षीचं समन्स येतं तेव्हा तुम्ही तिसऱ्याच गावात असता आणि आठवणीला आधार एवढाच उरतो. १८ वर्षांखालची मुलगी गरोदर असेल, ‘लग्न झालंय तिचं’ असं सासू सांगत असली तरी, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘साहेब आल्यावर बघू’ हा पर्याय इथे नाही, कारण पाहिलं तुम्ही.

मृत्यूच्या दाखल्यावर लोकम हमखास घसरतो. आणतानाच मृत असलेल्या, कधीच न पाहिलेल्या माणसाचं कारण तुम्ही लिहू शकत नाही. गावचे चार प्रतिष्ठित लोक आले तरी नाही. वॉर्डातला पेशंट गेला असेल तर जुने कागद वाचून नमुना ४ (मृत्यूच्या कारणाचा दाखला) भरा आणि कारणाच्या जागी ‘हृदयक्रिया बंद पडली’ लिहू नका. ती प्रत्येकाचीच बंद पडते. ती कशाने पडली ते लिहायचं.

माणसं आणि भाषा

सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगू घरं, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड, बऱ्याच मोहल्ल्यांत दख्खनी. पेशंट मराठी बोलतो, पण दुखायला लागलं की घरची भाषा येते. तेलुगूत दुखणं म्हणजे ‘नोप्पि’, कन्नडमध्ये ‘नोवु’. म्हातारी ‘एदे नोवु’ म्हणाली तर ती छातीबद्दल बोलतेय, ‘गुंडे नोप्पि’ म्हणाली तरी तेच, ईसीजी काढा. ताप दोन्हीकडे ‘ज्वर’च्या जवळपास, ओकारी ‘वांती’च्या. असे वीसेक शब्द वहीत असले की रात्रीच्या ड्युटीला दुभाषा उठवावा लागत नाही. सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच जणांच्या पथकातून चीनला गेले आणि तिथली भाषा शिकून काम करत राहिले. त्या मानाने अक्कलकोटचं कन्नड काहीच नाही.

हॉस्पिटल खरं चालवतात ती सिस्टर, मावशी आणि मेडिकलवाला. पहिल्या दिवशी आवाज चढवला तर दुसऱ्या रात्री तुम्हाला उशिरा उठवतात, आणि उशिरा उठवलेला डॉक्टर काही करू शकत नाही. उलट सांगून ठेवा: अमुक आकड्याच्या खाली-वर गेलं की मला उठवा, शंका आली तरी उठवा, मी चिडणार नाही. आणि मग खरंच चिडू नका.

नातेवाईकांची गर्दी वाढते ती वाईट बातमीने नाही, बातमी न मिळाल्याने. अत्यवस्थ पेशंट असेल तर तासातासाला बाहेर येऊन एकाच जबाबदार माणसाशी बोला आणि बोललेलं वेळेसह लिहा. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तरी रात्री तीनला कामी येतो तो मागचा दरवाजा, आणि त्याची किल्ली कुणाकडे असते ही माहिती.

रस्ता, ऋतू

रात्र जागून सकाळी स्वतः गाडी चालवत सोलापूरला येऊ नका. हंगामात पहाटेच्या धुक्यात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या जोडट्रॉल्या रस्त्यात असतात. दोन तास तिथेच झोपा किंवा एसटीने या. आषाढीच्या आधीच्या आठवड्यात पंढरपूर-माळशिरस भागातली ड्युटी असेल तर आदल्या दिवशी पोचा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीला, तुकाराम महाराजांची अकलूजला जिल्ह्यात शिरते आणि तिथून वाखरीपर्यंत रस्ते कधी बंद होतील, कधी एकेरी होतील, सांगता येत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर राहतो. उष्माघातासाठी बर्फ कुठे मिळतो ते आधीच विचारा. बॅगेत स्वतःचा स्टेथो, पल्स ऑक्सिमीटर, टॉर्च, नाव-नंबरचा शिक्का, चादर, चार्जर. आणि कडक भाकरी-शेंगा चटणी, कारण तालुक्याच्या गावात रात्री दहानंतर काही मिळेलच असं नाही, आणि कडक भाकरी आठ दिवस खराब होत नाही.

पैशांचा हिशेब

हॉस्पिटलने व्यावसायिक फी म्हणून पैसे दिले तर १० टक्के टीडीएस (देतानाच कापून घेतलेला आयकर) कापला जातो. २०२५-२६ पासून ही कपात एका देणाऱ्याकडून वर्षाला ५०,००० च्या वर मिळाले की लागू होते, आधी मर्यादा ३०,००० होती. वर्षाची एकूण जमा ५० लाखांच्या आत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न मानून कर भरायची सोय आहे. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ७५ लाख. तीच रक्कम हॉस्पिटलने ‘पगार’ म्हणून दाखवली तर ही सोय मिळत नाही, म्हणून सुरुवातीलाच विचारा. या पद्धतीत आगाऊ कर एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत भरायचा. १० हॉस्पिटलांतून पैसे आले असतील तर एखाद्याने टीडीएस कापून सरकारकडे भरलेला नसतो. दर तिमाहीला आयकराच्या ऑनलाइन खात्यात नोंद दिसते का ते बघा. वर्षभराने त्या हॉस्पिटलचा अकाउंटंट बदललेला असतो.

निघताना

सोमवारी नऊला साहेब आले की तुम्हाला हवा होता तसाच हँडओव्हर त्यांना द्या, बेडपाशी. बदललेली औषधं आणि का बदलली. कोणाला काय सांगितलं. कोणता रिपोर्ट यायचा आहे. कुठली केस पोलिसांकडे गेली. नार्कोटिकच्या अँप्यूल पुन्हा मोजा, रजिस्टरवर दोघांच्या सह्या. पेशंटचे कागद किंवा त्यांचे फोटो घरी न्यायचे नाहीत. आपल्या वहीत फक्त आयपीडी (भरती पेशंटचा) नंबर, तारीख, वेळ आणि आपण काय केलं ते. मूळ कागद हॉस्पिटलने उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं ठेवायचे असतात, पेशंटने मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात, आणि कधी नोटीस आली तर त्या आयपीडी नंबरवरूनच तुमचं पान शोधलं जातं.

बेड ७ चा क्रिएटिनिन रविवारी आलाच नसेल, लॅबवाला गावाला गेला असेल, तर तेही सांगा. आणि मंगळवारी एक फोन करून आकडा विचारा.